देवाची कृपा आहे, डॉक्टरसाहेब

मेकन, जॉर्जिया
३ मार्च

चि. ओडेसास अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. त्यातील दोन चुका दुरुस्त केल्या आहेत. पत्र परत पाठवत नाही, एवढी दया समज.

माझी नात रेनिटा आता सोळाची. वजनामुळे गुडघे गेले, मधुमेह जडला, झोपेत श्वास अडकतो. वजन उतरवणाऱ्या पोटाच्या शस्त्रक्रियेचे विचारावे म्हणून डॉक्टरांकडे नेले. मी रविवारचा सूट घातला, तिला चर्चचा निळा झगा घालायला लावला. साहेब म्हणाले, आधी खाण्यावर ताबा ठेवा. शस्त्रक्रियेनंतरचे पथ्य तुमच्या लोकांच्या घरी जमत नाही. माझ्या घरी! वर्षभर पोर उकडलेल्या भाज्यांवर आहे.

तिच्याच वर्गातली केली नावाची मुलगी गोरी आहे. वजन तेवढेच, दुखणे कमी. तिला याच गृहस्थाने कोणी विचारण्याआधी सर्जनकडे धाडले. तिच्या आईनेच दुकानात हौसेने सांगितले. मी अभिनंदन केले, आणि घरी येऊन काठी मोडली.

तुझा,
थॅडिअस

डेट्रॉइट
९ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

काठी मोडलीत, छान केलेत. आता तोंड उघडा. रेनिटाला फोन केला होता. डॉक्टरांनी कशी आहेस विचारले, तर देवाची कृपा आहे म्हणाली म्हणे! हे तुम्ही लिहिले नाहीत, मास्तर. आईने आपल्याला हेच शिकवले: गोऱ्या डॉक्टरापुढे नीटनेटके जायचे, कण्हायचे नाही. त्याला वाटले, पोरीची तक्रारच नाही. केलीच्या आईने तिथे टेबल बडवले, तर ती काळजी करणारी आई. आपण काळ्यांनी बडवले, तर रखवालदार बोलावतात. म्हणून तर जळफळाट होतो. पण पोरीचा श्वास अडकतो आहे, दादा. पुन्हा जा. सूट घरी ठेवा.

तुमची खोडकर,
ओडेसा

मेकन
२१ मार्च

चि. ओडेसास अनेक आशीर्वाद.

सूट घातलाच. साहेबांनी कशी आहेस विचारताच रेनिटाने सवयीने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, खरे सांग. ती म्हणाली, झोपायची भीती वाटते. सकाळी उठेन की नाही, कळत नाही. साहेब म्हणाले, हे आधी का सांगितले नाही? तेव्हा मी उभा राहिलो आणि विचारले, केलीचे तुम्हाला न सांगता कसे कळले? सर्जनच्या नावे चिठ्ठी मिळेपर्यंत बसणार नाही, असे बजावले. रखवालदार दाराशी आला. रेनिटा त्या गुडघ्यांवर उठून माझ्याशेजारी उभी राहिली.

चिठ्ठी मिळाली. सर्जनची भेट जूनमध्ये. केलीला आठवड्यात मिळाली होती. जूनपर्यंत रोज रात्री तिच्या श्वासाकडे कान देऊन बसणार आहे.

निघताना दाराजवळच्या बाईंनी हसून विचारले, कसे आहात? मी टोपी काढली आणि सांगितले, बाई, मी अत्यंत संतापलेलो आहे.

लोभ असू दे. राग मी सांभाळतो.

तुझा,
थॅडिअस