साहेबांचा एक तास

१२ मार्च
मोबाइलमध्ये टायमर ॲप घेतलं. खास भाषणांसाठी बनवलेलं. स्क्रीन आधी हिरवी, मग पिवळी, वेळ संपली की लाल. लाल झाली की घंटा वाजते.
शाळेची घंटा निवृत्तीपर्यंत माझ्या हाती होती. नंतर हात रिकामा होता. आता नाही.
संकल्प : वाकडीटोल्यात माझं सूत्रसंचालन असेल तिथे कोणीही वेळेबाहेर बोलणार नाही.
सौ. म्हणाली, घरात वाजवायची नाही.

१६ मार्च
पहिला प्रयोग. समाजभवनाचं उद्घाटन. माजी सभापती गुणवंतराव, पाच मिनिटं. स्क्रीन लाल झाली, घंटा वाजली, ते बोलतच राहिले. मी अदबीने माइक धरला. त्यांनी तो सोडला नाही, माझ्या कपाळावर मारला. तीन टाके.
पण भाषण तिथेच थांबलं. ॲप उपयोगी आहे.

२० मार्च
तेरवीची शोकसभा. मृताच्या भावाला दोन मिनिटं दिली होती. रडणं आवरेना. घंटा वाजवावी लागली. त्याच्या मुलांनी मला मंडपाच्या बांबूला टेकवून मारलं. चष्मा गेला. मोबाइलवर ओरखडाही नाही.
लोकांना शिस्त नवीन आहे. सुरुवातीला असं होतं.

२६ मार्च
आमच्या गावचा झाडू गेला. पहाटे बायकोबरोबर मोहफुलं वेचत होता. वाकलेला माणूस वाघाला जनावर वाटतो. मानेलाच धरलं. त्याची बायको धुरपता टोपलीने वाघाला मारत सुटली. टोपली फाटली. वाघ झाडूला नाल्यापर्यंत ओढत घेऊन गेला. जे मिळालं ते चादरीत आणलं. चादर एकाच माणसाने उचलली.
दुपारी पोरांनी वनचौकी पेटवली. जीपच्या काचा फोडल्या. गार्डचा हात मोडला.
माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायचा झाडू.

२७ मार्च
सरपंच साधनाताई आल्या. वनखात्याचे मोठे साहेब परवा येतात. एक तास देणार आहेत. पिंजरा लावायचा तर नेमका कोणता वाघ ते कळल्याशिवाय साहेब परवानगी आणू शकत नाहीत. शिवारात चार वाघ फिरतात. मारणाऱ्याला जवळून पाहिलेली एकटी धुरपता. ती गावात कोणालाच सांगत नाही. मागच्या बळीच्या वेळी लोकांनी गार्डला सांगितलेलं वर पोचलंच नव्हतं. तिचं एकच म्हणणं, "मी साहेबालेच सांगन." आणि मागच्या सभेत पुढाऱ्यांची भाषणं संपायच्या आत साहेब निघून गेले होते.
मोह पडून राहिला आहे. लोक किती दिवस घरात बसतील?
ताई म्हणाल्या, "गुरुजी, तुमी तेवढं टायमाचं पाहा."
कोणी तरी ओळखलं शेवटी.

२८ मार्च
नियोजन पूर्ण. पुढाऱ्यांना चार-चार मिनिटं. धुरपताला दहा, सर्वांत जास्त. मग साहेबांचा निर्णय.
ताईंचं म्हणणं, तिला पहिले बोलू द्या. मी समजावलं. मुख्य वक्ता शेवटी असतो.
संध्याकाळी धुरपताच्या घरी जाऊन तिन्ही रंग दाखवले. लाल स्क्रीनकडे ती बघत राहिली. मग मोबाइल पालथा ठेवला. समजलं असावं.

२९ मार्च, सकाळ
बॅटरी पूर्ण. सदरा इस्त्रीचा. या गावात आज पहिल्यांदा एखादी सभा वेळेत संपेल.

२९ मार्च, संध्याकाळ. तालुक्याचा दवाखाना
डाव्या हाताने लिहितो आहे. उजवा मोडला. दोन बरगड्या आणि पुढचे दात.
सभा नियोजनाप्रमाणे झाली. आधी माझं प्रास्ताविक. व्यासपीठावरच्या सर्वांचा परिचय. ॲपची ओळख. रंग लोकांना कळावेत म्हणून तीनही दोनदा दाखवले. वेळेचं महत्त्व, एक सुभाषित, शाळेतले काही अनुभव. प्रास्ताविकाला टायमर नसतो. सूत्रसंचालक हा वक्ता नव्हे.
नंतर सगळे पुढारी वेळेत. गुणवंतरावसुद्धा घंटेआधी खाली बसले. मी एकट्याने टाळ्या वाजवल्या.
धुरपता उठली. माइक हातात घेतला. तेवढ्यात साहेबांच्या तासाची घंटा वाजली. साहेबांना पुढच्या गावात जायचं होतं, तिथेही एक प्रेत थांबलं होतं. वेळ पाळल्याबद्दल त्यांनी माझं कौतुक केलं आणि गाडीत बसले. धुरपता माइक धरून गाडीमागे चालत निघाली. वायर ताणली गेली. नियम सर्वांना सारखा. मी तिच्या हातून माइक घेतला.
पहिला दगड गाडीच्या काचेवर. मग पोलिसांच्या काठ्या. एका म्हाताऱ्याचं डोकं फुटलं. मग लोक माझ्याकडे वळले. राग साहेबांवरचा होता, हे मी समजू शकतो. खुर्च्या मोडेपर्यंत खुर्च्यांनी मारलं, नंतर पायांनी. बरेचसे माझे विद्यार्थी.
पहिला फटका धुरपताचा नव्हता. दुसरा होता.

३१ मार्च
साधनाताई भेटायला आल्या. बसल्या नाहीत. गावातली बारा माणसं कोठडीत. साहेब फोन उचलत नाहीत. धुरपता कोणाशी एक शब्द बोलत नाही.
पडल्या पडल्या हिशोब केला. सगळे वेळेत बोलले, तरी अर्धा तास कुठे तरी गळतो. ॲपमध्येच दोष असावा. बनवणाऱ्यांना कळवायला हवं.
सौ. डबा उघडता उघडता म्हणाली, "तुमीच तं बोलून राह्यले होते. साहेबानं दोनदा चाय पेली तेवढ्यात."
सौ.ला सभाशास्त्र कळत नाही.

३ एप्रिल
शेजारच्या खाटेवर इसरूला आणलं. झाडूचा धाकटा भाऊ. मोह वेचायला गेला होता. पाठीची कातडी खांद्यापासून सुटली आहे. डॉक्टर शिवत होते तेव्हा शुद्धीत होता. ओरडला नाही. खाटेची दांडी चावत होता.
दुपारी धुरपता आली. त्याच्या पायाशी बसली. माझ्याकडे पाहिलं नाही. मी विचारलं, त्या दिवशी साहेबांना काय सांगणार होतीस. नियोजनासाठी विचारलं. पुढच्या सभेला उपयोगी पडलं असतं.
मग इसरूकडेच बघत म्हणाली, "लंगडते तो. डाव्या कानाचा शेंडा नाई त्याले."
इसरू पालथाच होता. उशीत तोंड ठेवून म्हणाला, "हाव. तोच."
मी वाट पाहिली. पुढे काही असेल असं वाटलं. तिने इसरूच्या पायावरची माशी हाकलली. पुढे काही नव्हतं.
सवयीने मनात मोजलं होतं.
पाच सेकंद.