देवनहळ्ळीच्या विहिरीतल्या तीन बुड्या

फ्रेझर टाऊन, बंगलोर
रविवार, ऑगस्ट १९६३

प्रिय बिनू,

अनेक आशीर्वाद. हे पत्र तुला पोस्टाने मिळणार नाही. शिमशोन मास्तर पुढच्या आठवड्यात बायकोमुलांसकट तुझ्या इस्राएलात, बिअरशेव्याला, कायमचे निघाले आहेत, त्यांच्या ट्रंकेत पापडांच्या डब्याखाली ठेवायला देणार आहे. पोस्टाने दुसरं पत्र येईल. ते छोटं आणि कोरडं असेल. दोन्हींतलं खरं कोणतं ते तुला कळेल, इतरांना कळायला नको.

अलिझाशी तुझं लग्न दुसऱ्यांदा पुढे गेलं हे वाचलं. लग्न लावणारे रब्बी म्हणतात, ज्यूपण आईकडून येतं. तेव्हा आईचं नाव सांग, आईच्या आईचं सांग, तिच्याही आईचं सांग, गावासकट. बाबांकडची नावं तू रेवदंड्यापर्यंत घडाघडा म्हणून दाखवलीस, त्यांनी ऐकूनही घेतली नाहीत. आता माझी आई सोयराबाई आणि तिची आई सकवारबाई. चिकपेठेतल्या मराठ्यांच्या घरातल्या या दोन जाडजूड बायका तू त्या कचेरीत कशा उभ्या करणार? वाचताना मला आधी हसू फुटलं, शेजारची चंपा धावत आली काय झालं म्हणून, तोवर मी रडत होते. तू विचारलं आहेस, आई, काही मार्ग आहे का. मी शोधला आहे. पण तो सांगायच्या आधी मला चार गोष्टी लिहू दे. एरवी मी सारखी बोलते म्हणून तू कानावर हात ठेवायचास, आज ठेवू नकोस.

तुझे बाबा सर्व्हे ऑफिसात नकाशे काढायचे आणि अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, जरीच्या दुकानावरच्या माडीवर भाड्याने राहायचे. शनिवारी हा माणूस चूल पेटवत नाही, बिडी ओढत नाही, दिवा लावत नाही, हे बघून आमच्याकडे सगळे चकित. अलिबागेकडे या लोकांना शनवार तेली म्हणतात असं कुणीसं सांगितलं, तर अण्णा म्हणाले, "तेली का असेना, आपल्यासारखं मराठी बोलतो, स्वल्प जपून राहतो, सरी." सरी म्हणजे ठीक. जावई म्हणून मात्र सरी नव्हतं. मी घर सोडलं त्या दिवशी अण्णांनी दुकानाच्या फळ्या लावल्या आणि विचारतील त्यांना सांगितलं, थोरली पटकीने वारली. ते गेले तेव्हासुद्धा मला कुणी कळवलं नाही. तेव्हा एकदा मेलेली बाई मी आहेच, मला त्याची सवय आहे.

तुझी आजी दीनाबाई रेवदंड्याहून आली ती कंबर कसूनच. तिने माझ्याकडे बघितलं नाही, माझे हात उलटेपालटे करून बघितले. म्हणाली, "नाव ऱ्हाऊ दे हाय ते. नाव बदलून काय होतंय? हाताला वळण लागलं पायजे." वर्षभर वळण लावलं. मटण मीठ लावून कसं निथळत ठेवायचं, त्यात दूध-दही न घालता नारळाचा रस कसा घालायचा, शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत सगळं कसं आवरायचं, मलिद्याच्या ताटात पोहे, गूळ, खोबरं कसं रचायचं, एलियाहू हनाबीचं, आपल्या संदेष्ट्याचं, नाव कुठे घ्यायचं. हात चुकला की चिमटा. माझ्या सख्ख्या आईने मला इतकं कधी शिकवलं नाही आणि इतकं कधी मारलंही नाही.

मग विहीर. ती गोष्ट तू शंभरदा ऐकली आहेस, पण आजी ती सांगायची तेव्हा आपण हसायचो. बंगलोरात ना आपलं सिनेगॉग, ना शास्त्र जाणणारं कुणी. मुंबईहून पत्राने कळलं, ज्यू व्हायला जमिनीतलं जिवंत पाणी हवं आणि आपल्यातले तीन पुरुष साक्षीला हवेत. देवनहळ्ळीला बाबांच्या ओळखीच्या माणसाचा पपनसांचा मळा होता, त्यात पायऱ्यांची विहीर होती. तिघे आले, बाबांच्या ऑफिसातले सॅम्युएलकाका आणि रेल्वेतले दोघे, टोप्या घालून, अगदी गंभीर चेहऱ्याने. मी पहिल्या पायरीवर उतरले तोच आजी त्यांच्यावर खेकसली, "सून हाय माझी! ओल्या लुगड्यात बाप्यांम्होरं उभी करू काय? चला, व्हा तिकडं!" ते बिचारे सुटलोच म्हणून पार मळ्याच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि पपनस सोलून खात बसले. मी तीन बुड्या मारल्या. आजीने पाठ करून घेतलेलं 'ऐक इस्राएला' म्हटलं, दात वाजत होते तरी एक शब्द चुकले नाही. वर आले तेव्हा काठावर आजी होती आणि एक म्हैस होती. आजीने माझं डोकं पुसलं आणि म्हणाली, झालीस तू आमची. कुणालाच त्यात चूक दिसली नाही. बाईची लाज राखली म्हणून उलट कौतुकच झालं. तुझी सुंता करायला मुंबईचा माणूस आला त्यानेही बापाचं नाव विचारलं, मलिदा खाल्ला, आशीर्वाद दिला आणि गेला.

शुक्रवारी जेवणं झाली की बाबा तुला मांडीवर घेऊन सांगायचे, जगातल्या सगळ्या लोकांमधून देवाने आपल्याला निवडलं. आपल्याला म्हणायचे, तेव्हा माझ्याकडेही बघायचे. मी चिडवायची, मला त्याने निवडलं की मी त्याला? ते म्हणायचे, त्यालाच विचार. मी विचारलं की रे. दरवर्षी दारफळणीच्या सणाला दारं लावून, पाण्याचा थेंबही तोंडात न घेता दिवसभर विचारलं. तू पोटात होतास त्या वर्षी आजी ओरडत होती तरी उपास सोडला नाही. त्याने कधी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही, म्हणून मी आपली हो धरून चालले. आता उत्तर आलं आहे. त्याच्या कचेरीतून आलं आहे.

शेजारच्या चंपाला मी हे सांगितलं. चंपा तुला आठवते ना, नर्स, दर रविवारी पांढरं पातळ नेसून चर्चला जाणारी. आपल्या दाराच्या चौकटीवरच्या मजुजाला, त्या देवाच्या वचनाच्या डबीला, हात लावून ओठांना लावल्याशिवाय ती कधी आत आली नाही. तिचे पाद्री सांगतात, यहुदी लोक म्हणजे देवाचं मूळ झाड आणि बाकीचे विश्वास ठेवणारे म्हणजे त्यावर बांधलेलं कलम. लालबागेत चिकूची कलमं विकतात त्यांच्याकडे बघून ती म्हणायची, वसुमतीअक्का, ते खोड तुमचं, ही डहाळी आमची. मला मोठी मौज वाटायची. मी कुठलं खोड, मी चिकपेठेची! पण तिला खरं सांगायचा धीर झाला नाही, शिवाय खोड व्हायला कुणाला आवडत नाही? परवा सगळं सांगितलं. ती माझ्यापेक्षा जास्त रडली. म्हणाली, "अक्का, इतकं करून तुम्हालाच आत घेत नाहीत, तर आमचा काय पाड?" नंतर सावरून म्हणाली, आमच्याकडे या, आमच्याकडे कुणाला आजीचं नाव विचारत नाहीत. मनाने चांगली आहे ती. पण बिनू, ज्या दारात इतकी वर्षं उभी राहिले तिथून हाकललं म्हणून शेजारच्या दारात जाऊन बसायला मला जमणार नाही. दार बंद असलं तरी मला हेच दार माहीत आहे.

आता मार्गाचं. विहिरीवरच्या तिघांपैकी रेल्वेतले दोघे वारले. सॅम्युएलकाका मुंबईत भायखळ्याला असतात. तिसऱ्या वर्गाने बसून गेले मी त्यांच्याकडे. त्यांनी चहा दिला, तुझी चौकशी केली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "वहिनी, मला त्या दिवशीचं पपनस आठवतं, फार गोड होतं. पण जे पाहिलं नाही ते पाहिलं असं देवासमोर कसं सांगू?" सज्जन माणसापुढे काही चालत नाही. मी त्यांना नमस्कार केला आणि उठले.

तू स्वतः बुड्या मारून नव्याने ज्यू व्हावंस असं तिथले लोक म्हणतात. तू होणार नाहीस हे मला ठाऊक आहे, आणि का होणार नाहीस हेही. आपले लोक तिथे रस्त्यावर बसले आहेत, आमच्यात कधी बाहेरचं रक्त आलं नाही, आमच्यावर शंका घेऊ नका म्हणून. तू त्यांच्या पुढच्या रांगेत फलक धरून बसतोस. तू लिहिलंस, आई, ओरडताना माझ्या घशाला कोरड पडते. पडणारच रे राजा. ज्याच्याबद्दल ते ओरडतायत ते बाहेरचं रक्त तूच. तू एकटा खरं बोललास तर त्या सगळ्यांना खोटं पाडायला तुझं नाव वापरतील. शिवाय अलिझाच्या वडिलांनी स्पष्ट सांगितलं आहे, शंका असलेला चालेल, परक्या बाईचा मुलगा चालणार नाही. परकी बाई म्हणजे मी. त्यांना मी पाठवलेली लसूण चटणी तेवढी आवडली होती.

तेव्हा ऐक. माझ्याआधी बाबांचं एक लग्न झालं होतं हे तुला माहीत आहे, पण आपल्या घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. तिचं नाव लेआ. पेणची, आईबाप दोन्हीकडून आपल्यातली, आजवर कुणी बोट ठेवलं नाही असं घर. ती इथेच पहिल्या बाळंतपणात गेली आणि मुलगाही गेला. बाबांना ते सांगायला फार जड जायचं, म्हणून ते होते तोवर मी कधी खोदून विचारलं नाही. म्हैसूर रोडच्या आपल्या कबरस्तानात दोघं एकाच जागी आहेत, पण दगडावर फक्त तिचं नाव आहे. सालही नाही. भायखळ्याहून मी परत आले नाही, पेणला गेले. तिचा भाऊ अहरोन तेवढा उरला आहे, एकटा असतो. मी त्याला सगळं सांगितलं आणि मागायचं ते मागितलं. त्याने उठून कागद आणि दौत आणली. मग म्हणाला, "माझ्या बहिणीचं पोर जगलं असं कागदावर तरी होऊ दे." त्याने लिहून दिलं आहे. आईची, आजीची, पणजीची नावं, गावासकट.

आणि शुक्रवारी सकाळी मी इथल्या मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर लिहून दिलं, की बिन्यामीन हा माझ्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोचा, लेआचा, मुलगा; ती गेल्यावर मी त्याला फक्त वाढवला. लेआच्या मुलाचं वय तुझ्यापेक्षा जास्त निघतं, म्हणून शाळेत घालताना वडिलांनी वय कमी लावलं होतं हेही लिहिलं, सगळेच लावतात. साहेबाने विचारलं, कुणाच्या नावाने शपथ घेणार? मी आपल्या देवाच्या नावाने घेतली. दुसऱ्या कुणाचं नाव माझ्या तोंडात येईना. त्याच्या नावाने खोटी शपथ घेऊ नये ही त्याची आज्ञा मी आजवर मोडली नव्हती. जिन्यावरून उतरताना वाटलं, निवडलेल्यांत मी नव्हतेच, तर आज्ञा मोडल्याचं पापही मला लागू नये. पण लागतं, बिनू. लागतंच. तेवढ्यापुरती मी तुमच्यातली आहे.

दोन्ही कागद मास्तरांकडे वेगळ्या पाकिटात आहेत. ते दाखव आणि लग्न लावून घे. मी येणार नाही. लग्नातही नाही आणि तिकडे राहायलाही नाही. मला बघून कुणीतरी म्हणेल, नाक अगदी सारखं आहे. अलिझाला काही सांगू नकोस, तिच्या मुलांना ते ओझं नको. मुलगी झाली तर तिचं नाव लेआ ठेव, सगळे तशीच अपेक्षा करतील आणि त्या बिचारीचंही नाव चालेल. यापुढे मला पत्र लिहिलंस तर वरती आई लिहू नकोस, पत्रं हातोहात फिरतात. इथे एकदा लिहिते आणि मग कुठेच लिहिणार नाही. तुला मी जन्म दिला. वाचून झालं की हे जाळ.

तुझ्या बाबांची दुसरी बायको,
वसुमती