कोंढ्याच्या तलावाची मोजणी

नागपूर, १२ मार्च १९७९

ती. बाईस शि. सा. न. वि. वि.

मोजणी झाली, प्रबंध टाईप होऊन राहिला. तू विचारलंस, पाणी न उपसता तलावातले मासे कसे मोजले? ऐक. पहिल्या वेळी पकडलेल्या माशांचा एकेक पर जरासा कातरून सोडून दिले. महिन्यानं परत जाळं टाकलं. त्यात कातरलेले पुष्कळ निघाले, तर तलावात एकूण मासे थोडे. कातरलेले क्वचित निघाले, तर मासे खंडीनं! आपल्याले तर क्वचितच सापडले. प्रबंधाचे सर खुशीनं खुर्चीतून उठले. मत्स्यखात्यानंही आकडा मागून नेला. भाऊजींच्या जाळ्याची कृपा.

माया अशीच ठेव.
तुझा ईश्वर

कोंढा, २५ मार्च १९७९

चि. ईश्वरले अनेक आशीर्वाद.

मोठा साहेब झाला लेकाचा, तरी अजून ‘आपल्याले’ लिहिते, बरं वाटलं. पण तुह्यं पत्र भाऊजीले वाचून दाखवता दाखवता मले चूक समजली. दुसऱ्या वेळी तू काठाले, पाळीवर टोपल्यापाशी बसला होता. इकडे डोंग्यातले सारे, कातरलेली मासोळी दिसली का तिथंच पाण्यात सोडत होते. आपल्या ईश्वरची मोजलेली हाये, मरन बिचारी, असं तुह्या भाऊजीनंच सगळ्यायले सांगितलं होतं. मायेनं केलं रे. म्हणून तुले कमी दिसल्या.

आता हुकूम आला. मासे भरमसाट हायेत म्हणून तलाव बाहेरच्या ठेकेदाराले, पावसाळ्यात बी जाळी टाकाची सूट. अंड्यावरची मासोळी उचलली तर मागं काय राहीन? आपलं पोट जाळ्यावर, तुले का सांगाव लागते? पावसाच्या आधी खात्याले लिही, आकडा चुकला म्हणून. भाऊजी म्हणतात, ईश्वरले समजलं का तो थांबाचा नाई.

तब्येत सांभाळ. लोभ हायेच.
तुही बाई, कुंता

नागपूर, ८ एप्रिल १९७९

ती. बाईस सा. न.

मेमध्ये परीक्षक येणार आहेत. आत्ता आकडा चुकला म्हणालो तर इतक्या वर्षांची मेहनत जाईल, सरांचंही नाव जाईल. डिग्री हाती आली की पहिलं पत्र खात्याला. एवढा मोठा तलाव एका पावसाळ्यात रिता होत नाही. राग मानू नकोस.

तुझा ईश्वर

कोंढा, २ नोव्हेंबर १९७९

ईश्वरास,

डिग्रीची खबर नि पेढ्याचा डबा पोचला. पेढे शेजारी वाटून टाकले. खात्याचा माणूस परवा आला होता. त्याले विचारलं, तर तुह्यं पत्र आलंच नाई म्हणे. आता कायले येईन?

ठेकेदारानं आषाढात मच्छरदानीवानी बारीक जाळी लावली. अंड्यावरच्या मासोळ्या ट्रकनं गेल्या. आता दिवसभर जाळं फेकलं तर गोगलगायी नि शेवाळ निघते. तुह्ये भाऊजी रोडच्या कामावर गिट्टी फोडाले जातात. हाताले फोड आले हायेत.

गाव म्हणते, कुंताच्या भावानं तलाव खाल्ला. भाऊजी त्याईच्या अंगावर धावून जातात. आमच्या ईश्वरनं तवाच लिहिलं होतं, बाबूनं कागद दाबला असन, म्हणतात. तुह्या भाऊजीले वाचता येत नाई ना. तुह्यं एप्रिलचं पत्र वाचून दाखवताना ‘खात्याले लिहिलं’ असं मीच तोंडानं म्हणलं, तुही लाज राखाले. नवऱ्याशी आजवर खोटं बोलली नव्हती मी. तुह्यासाठी बोलली.

भाऊबीजेले ईश्वर काहून नाई आला, असं विचारत होते. सुट्टी भेटली नाई म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षी बी तेच सांगीन. येऊन मले खोटी पाडू नको.

रीतीपुरते आशीर्वाद.
कुंता