उंदरांची वंशावळ

३ मार्च
आज साहेबांनी पाहुण्यांना प्राणीगृह दाखवलं. माझी ओळख — "हे आमचे उंदीरवाले!" बावीस वर्षं झाली इथे. एका पाहुण्यानं हात पुढे केला, मग मागे घेतला.

साहेबांनी नेहमीची टेप लावली. कॅल्शियमचं एक जनुक, आईबापाकडून त्याची एकेक प्रत. एक प्रत बिघडली तर रक्तात कॅल्शियम जरा चढतं, लघवीत मात्र उतरत नाही, पण उंदीर ठणठणीत. दोन्ही बिघडल्या तर पिल्लू तीन आठवड्यांत जातं. आमचं औषध त्या पिल्लांसाठी. "जगली किती?" पाहुण्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, "चला, चहा घेऊ."

अकरातली दोन. माझ्या वहीत आहे.

९ मार्च
ताईच्या रक्तात कॅल्शियम जास्त! गुडघा दाखवायला गेली आणि प्रकरण गळ्याशी आलं. सर्जन म्हणतात, मानेतल्या ग्रंथीवर गाठ असणार, पुढच्या आठवड्यात कापू. फाइल चाळली. आमच्या आईवडिलांना काय होतं, याची एक ओळ नाही. इकडे माझ्याकडे एकेका उंदराची नऊ पिढ्यांची वंशावळ आहे. जोडी लावायची तर तीन सह्या लागतात!

१० मार्च
सर्जनना विचारलं, चोवीस तासांची लघवी तपासली का? "आपण कुठे प्रॅक्टिस करता?" म्हटलं, प्राणीगृहात. त्यांनी बेल वाजवली. कंपाउंडरनं मला दारापर्यंत पोचवलं.

११ मार्च
ताईला कॅन नेऊन दिला. "दिवसभर यात? लाज सोडलीस का रे?" म्हटलं, आमचे उंदीर बिनतक्रार देतात. "मग त्यांच्याकडेच जा राहायला!"

शेवटी माझ्या लेकीनं समजावलं. ताई माझी बहीण आणि विहीणही — लेक तिच्याच घरात दिलीय. सातवा महिना चालू आहे. पोट सावरत सासूच्या मागे कॅन घेऊन फिरत होती आणि हसून हसून दमली.

१४ मार्च
साहेबांनी तपासून दिलं — लघवीत कॅल्शियम नावापुरतं! म्हणजे गाठबीठ काही नाही, हे घराण्यातून आलेलं — आमच्या एक प्रत बिघडलेल्या उंदरांसारखं. निरुपद्रवी. ऑपरेशन रद्द. सर्जन म्हणाले, "मला शंका होतीच." जावई म्हणाला, "मामा, मानलं तुम्हाला!" दिवसभर छाती काढून फिरलो.

साहेबांनी लगेच माझंही रक्त काढून घेतलं. फुकटचा नमुना कोण सोडतो?

१७ मार्च
माझंही वाढलेलं. साहेब खूश — "वा, हा तर घरचाच उंदीर!" मीही हसलो.

दुपारी गेलेल्या पिल्लांच्या नोंदी करायला बसलो. आई — एक प्रत बिघडलेली. बाप — एक प्रत बिघडलेली. लिहिता लिहिता हात थांबला. लेक माझी. जावई ताईचा.

दोघांना फोन केला, उद्या सकाळी रक्त देऊन या. लेकीनं कारण विचारलं. साहेबांना हवंय, म्हणालो. आयुष्यात तिच्याशी इतकं खोटं बोललो नव्हतो.

१८ मार्च
प्राणीगृहात गेलो नाही.

१९ मार्च
लेकीचं वाढलेलं. जावयाचंही.

बाळाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारात एक. तिच्या डॉक्टरांना आजच सांगायला हवं, म्हणजे जन्मल्याबरोबर रक्त तपासतील. निघतोय. फार भीती वाटतेय.

हे स्थळ मीच सुचवलं होतं.