धाकटीच्या टाळूची किल्ली

तीर्थस्वरूप आत्यास,

शिरसाष्टांग नमस्कार. (खरोखर वाकून केला, पत्रात दिसत नाही म्हणून लिहिलं.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो का? इकडे सगळे खुशाल. आई-बाबा एकमेकांशी बोलत नाहीत, पण दोघांच्याही तब्येती उत्तम आहेत. धाकटी कोणाशीच बोलत नाही, त्यामुळे तिच्याबद्दल खात्रीने लिहिता येत नाही.

कारण सांगते. धाकटीचे खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात. (आपल्या घरात हे नवीन नाही.) त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. पण घरातली पहिली पदवीधर म्हणून मी नुसती मिरवत बसले, तर त्या शिक्षणाचा घराला उपयोग काय? म्हणून जेवताना मी सगळ्यांना समजावलं, की दातावर दात नीट बसला नाही तर घास चावला जात नाही, दात झिजतात, जबडा दुखतो, आणि हे लहानपणीच सुधारतं. बाबांना पटलं आणि आम्ही दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

बाई फार शांत आहेत. त्यांनी धाकटीच्या टाळूला एक पट्टी बसवली. तिच्या मधोमध बारीक स्क्रू असतो. घरच्यांनी तो छोट्या किल्लीने रोज रात्री एकदा फिरवायचा, म्हणजे वरचा जबडा हळूहळू रुंद होतो. "एकदाच," असं त्या पुन्हा म्हणाल्या. आता जन्मभर सायकली दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या घरात किल्ली देणं म्हणजे काय, यावर एक म्हण आहे. पण ती माकडाची आहे आणि विषय बाबांचा आहे, म्हणून लिहीत नाही.

चूक मात्र माझीच झाली. किल्ली कशी धरायची, कुठे घालायची, किती फिरवायची, हे मी घरात इतकं नीट समजावलं की प्रत्येकाने ती आपलीच जबाबदारी मानली. आई सकाळी शाळेआधी फिरवायची, कारण बाबांचा हात जड. बाबा दुकान बंद करून आले की फिरवायचे. वाकड्या चाकाचा आऊट काढून ते सरळ करावं तसा एक डोळा मिटून धाकटीच्या तोंडात बघायचे आणि "अजून ढिलं आहे" म्हणायचे. रात्री मी फिरवायची, नियमाप्रमाणे. कोणी कोणाला सांगितलं नाही, आणि किल्ली जागच्या जागी ठेवायची शिस्त मीच लावल्यामुळे कोणाला संशयही आला नाही.

मग धाकटीच्या पुढच्या दोन दातांत फट पडली. तिच्यातून ती वर्गात शिट्टी वाजवू लागली. आई म्हणाली, दात सरळ करायला नेली आणि मधे दार पाडून आणली. बाबा म्हणाले, त्यात काय, उलटं फिरवू. मी दोघांना थांबवून धाकटीला बाईंकडे नेलं. दोघंही मागोमाग आले. बाई म्हणाल्या, फट पडायचीच असते, पण इतक्या घाईने नाही; किल्ली कोण फिरवतं? आम्ही तिघांनी हात वर केले. बाईंनी खुर्ची मागे सरकवली आणि वर आलेले हात मोजले. (आई-बाबांचा अबोला तिथून सुरू आहे.)

काही दिवस स्क्रूला विश्रांती दिली. आता पुन्हा सुरू करायचं, तर धाकटीने तोंड मिटून घेतलं आहे. भिंतीकडे तोंड करून जेवते. बाई म्हणतात, सोमवारपर्यंत सुरू झालं नाही तर कमावलेलं जाईल, आणि एकदा हाड पक्कं झालं की शस्त्रक्रियेशिवाय इलाज नाही. आईने लाडीगोडी लावली. मी व्याख्यान दिलं. बाबांनी तिच्या सायकलसाठी नवी घंटी आणली. ती तिने घेतली, आणि आता हो-नाही घंटीने सांगते. आजवर सगळी उत्तरं 'नाही'च आली आहेत.

लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहावा.

तुझी पदवीधर भाची

ता. क. सोमवारच्या आत येशील का? काल धाकटीने तोंड उघडलं ते एवढंच म्हणायला, "आत्या आली तर बघू."

ता. क. दुसरा. हे लिहू नकोस असं बाबा म्हणतात, पण अर्धसत्य मला जमत नाही. बाबांना माझं बोलणं पटलं असं वर लिहिलं आहे, तसं नाही. मी बोलत असताना ते आमटी वाढून घेत होते. मग आई म्हणाली, "नाहीतर ही हुबेहूब वन्संवर जाईल," आणि बाबा म्हणाले, "उद्याच घेऊन जा." हे धाकटीला स्क्रूच्या विश्रांतीच्या दिवसांत कळलं. तोंड मिटलं ते त्यामुळे. किल्लीबद्दल तिची तक्रारच नाही. तोंड मिटण्याआधी ती म्हणाली, "मग आत्यासारखं कोण दिसणार?"

ता. क. तिसरा. तेव्हा येताना तुझ्या जबड्याचे तोटे नीट आठवून ये: सफरचंद सुरीने कापून खावं लागतं, गार हवेत कानापाशी दुखतं, जे असेल ते. तिला तुझ्याच तोंडून ऐकू दे. फक्त सांगताना हसू नकोस. तू हसलीस की ती आरशासमोर जाऊन तसंच हसून बघते.