बँजो, खटक्याची खुंटी आणि न झालेली एक सही

लिहून ठेवणार मी, धंदा बँजो वाजवणे व वाद्यांचे सुटे भाग बनवणे, राहणार स्वतःच्याच वर्कशॉपच्या वरच्या खोलीत. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने करत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कान बरेचसे गेले आहेत, पण मृत्युपत्राला कान लागत नाहीत, असे वकीलबाईंनी मला ओरडून सांगितले.

कलम १. वरच्या खोल्या मुलगा व सून यांना. मी सरावाला बसलो की मुलगा कानात कापूस घालायचा. आता मला ऐकू येत नाही आणि तो मोठ्याने बोलून दमतो, म्हणजे फिटंफाट झाली. छत त्याने वेळच्या वेळी दुरुस्त केले, हेही येथे नमूद करतो.

कलम २. वर्कशॉप, लेथ, कानशी, साचे आणि माझे भाग बनवण्याचे सर्व हक्क मुलीला. माझे वडील कुलपे दुरुस्त करत. बँजोवर पोट भरत नाही म्हणून त्यांनी मला कुलपांना जुंपले, आणि कुलपातल्या खटक्यानेच पुढे माझे पोट भरले. गाण्याच्या मध्येच तार उतरवायची तर साध्या खुंटीवर सूर चाचपडत बसावे लागते. माझ्या खुंटीत दोन खटके आहेत. फिरवली की तार नेमकी खालच्या सुरावर थांबते, उलटी फिरवली की नेमकी घरी येते. मुलगी ही खुंटी माझ्याहून सफाईने बनवते. हे तिला तोंडावर कधी सांगितले नाही, म्हणून लिहून ठेवतो.

कलम ३. ज्या दुकानदाराने माझ्या खुंटीवर स्वतःचे नाव छापून ती विकली, त्याला माझी अगदी पहिली खुंटी द्यावी. ती तार तोडते. तिच्यावर त्याचेच नाव ठसठशीत कोरून द्यावे.

कलम ४. पत्नीची शिवणाची खुर्ची सुनेला. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी मी नाना लाकडांची करून पाहिली. मनासारखी साधली ती या खुर्चीच्या पायातून. पत्नी तेव्हा माहेरी गेली होती. परत येऊन बसली तशी खुर्ची डुलली, आणि ती एवढेच म्हणाली, "वाजवून दाखवा. चांगली वाजली तर जेवायला वाढते." त्या दिवशी मी जेवलो. खुर्ची दुरुस्त करू नये. पत्नीची मला रोज आठवण येते.

कलम ५. बँजो. येथे माझे घोडे अडले. मुलाला कापूस आठवतो. मुलगी नवा भाग तपासण्यापुरती तार छेडते आणि कामाला लागते. विकला तर कुणीतरी शोभेला भिंतीवर टांगेल. बँजो मुका व्हावा ही कल्पना मला सहन होत नाही, म्हणून हे कलम कोरे ठेवून मी साक्षीदारांना बोलावले.

एक समोरचे बेकरीवाले. दुसरा क्लॅरिनेटवाला. नाचाच्या हॉलमध्ये आम्ही उभी हयात शेजारी बसून वाजवले. एकदा त्याच्या संथ तुकड्यात माझी खुंटी टक वाजली. त्याने वाजवणे थांबवून भर हॉलमध्ये विचारले, "कोण आलंय बघा रे, दार वाजलं." लोक हसले. तेव्हापासून आमचे बोलणे बंद. तरी वाजवण्याआधी तो क्लॅरिनेटवर सूर द्यायचा आणि मी त्यावर तारा लावायचो, एकमेकांकडे न बघता. हॉल बंद झाल्यावरही तो दर गुरुवारी खाली मुलीकडे क्लॅरिनेटच्या चाव्या दुरुस्त करायला येतो. एका माणसाच्या इतक्या चाव्या बिघडतात कशा, याचे मला नवल वाटे.

तर वकीलबाईंनी सांगितले की, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. क्लॅरिनेटवाल्याने हातातले पेन खाली ठेवले.

"मग मी सही करत नाही," तो म्हणाला. मुलीने ते माझ्या कानाशी पुन्हा सांगितले.

"तुला काय हवंय माझ्याकडून?" मी विचारले. इतक्या वर्षांत त्याच्याशी बोललेले हे माझे पहिले वाक्य.

"बँजो."

"वाजवायला येतो का तुला?"

"शिकतोय. खाली, हिच्याकडे, दर गुरुवारी. तुला ऐकू येत नाही म्हणून बरं, नाहीतर दार वाजलं म्हणाला असतास."

मी बँजो त्याच्या हातात दिला आणि माझा हात बँजोवर ताणलेल्या कातड्यावर टेकवला, कारण मला आता तेवढेच कळते. त्याने वाजवले. बोटे जड आहेत, पण ताल सोडत नाही. मला रडू आले, आणि वकीलबाईंनी तेही लिहू का म्हणून विचारले. लिहा म्हटले.

सबब बँजो, घोडीसकट, क्लॅरिनेटवाल्याला. अट एकच. खुंटीच्या खटक्याला त्याने तेल घालू नये. ती फिरवली की टक वाजेल. त्या वेळी त्याने वाजवणे थांबवू नये, मीच आलो आहे असे समजावे.

ठिकाण: वर्कशॉपवरची खोली. दिनांक: अठरा, गुरुवार.

सही: बँजोवाला

साक्षीदार:
१. बेकरीवाले, समोरचे
२. केस कापणारे, कोपऱ्यावरचे (ऐनवेळी गिऱ्हाईक अर्धवट सोडून आले)