स्टिअरिंगवरचा देव

पातझुन,
३ जानेवारी

प्रिय ओतिलियाताईस,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. प्रभूच्या कृपेने मका ठीक, कोंबड्या ठीक, माझा गुडघा होता तसाच. आमचे हेही ठीक असावेत.

एस्किपुलासच्या काळ्या येशूच्या जत्रेला तुमच्या तेकपानच्या बायका आमच्या बसने जाणार, म्हणून तू वर्षभर मिरवते आहेस. तर त्या बसची खबर ऐक.

स्टिअरिंगची पेटी गळत होती. हातातलं चाक अर्धं फिरवलं तरी बस आपली सरळच. गॅरेजात न्यायची तर ह्यांचा अपमान होतो. भंगारातून जुनी पेटी आणली. पैशाची पिशवी माझ्याकडे, म्हणून मलाही नेलं होतं. भंगारवाला बजावून सांगत होता, "दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून बघा, बरोबर मधोमध आणा, मगच जोडा." मिस्सात प्रवचन चालू असताना डोलावतात तशी ह्यांनी मान डोलावली. म्हणजे तेव्हाच झोपले होते.

मग आमच्या अंगणात, अवोकाडोच्या झाडाखाली, दोन भावांचा कारखाना. तेल धरायला माझं मका शिजवायचं पातेलं. विचारायची पद्धत नाही. चेपे भावजी बसखाली, हे वर चाकाशी.

"दादा, मधोमध आलं का रे?"

"देव उभा आहे ना? मग आलं!"

स्टिअरिंगच्या मधोमध प्रभूचं चित्र चिकटवलेलं आहे, तुला ठाऊकच आहे. बस सरळ असली की प्रभू उभा दिसतो. आणलेली पेटी जोडली तर प्रभू आडवा झाला. पेटी चुकली, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. ह्या दोघांनी काय केलं? वरचं चाक उपसलं, प्रभूला उभा केला आणि चाक पुन्हा ठोकलं. खाली पेटी वाकडी ती वाकडीच. जगाच्या तारणाऱ्याला ह्यांनी गवंड्याचा ओळंबा केलं, ताई!

रविवारी फादर आले, पवित्र पाणी शिंपडलं, फटाके उडाले. बस फाटकाबाहेर निघाली. डावीकडे वळली, नवरी वळावी तशी. उजवीकडे वळवताना वाकड्या पेटीचा फेर संपला, चाक मध्येच अडलं आणि बस शेजारच्या चोनाबाईच्या डुकरांच्या वाड्याच्या भिंतीत घुसली.

"फाटक अरुंद झालंय," हे म्हणाले.

"रात्रीत आवळलं का?" मी विचारलं.

चेपे भावजी अंगावरचा चिखल झटकत म्हणाले, "वहिनी, काळजी नको. एस्किपुलासचा रस्ता बहुतेक सरळच आहे."

बहुतेक! दरीही बहुतेक बाजूलाच असते.

त्यावर मी फादरांदेखत जे बोलले ते इथे लिहीत नाही. ह्यांचं म्हणणं, आशीर्वाद मिळालेली गाडी पुन्हा उघडणं म्हणजे देवावर अविश्वास. ठरल्या दिवशी तुम्हा सगळ्यांना भरून निघणारच. तेव्हापासून हे भावाकडे झोपतात. मी ताट पाठवते. ताट रिकामं परत येतं, हे येत नाहीत.

हे पत्र चोनाबाईच्या टोपलीतून येतंय. टोर्टियांखालचा रुमाल सोडून बघ. हो, तेच चित्र आहे. आज सकाळी प्रभूची क्षमा मागून भाजीच्या सुरीने काढलं. त्याच्याशिवाय हे इंजिनाला हातही लावत नाहीत. आता सरळ काय ते खाली चाकांत बघावं लागेल.

हे तुझ्याकडे येतील. तू लाडकी मेहुणी, गळा काढतील. विरघळू नकोस. आधी आमच्या अंगणात पेटी मधोमध आणून चाक दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून मला दाखवू दे. मी निरोप पाठवीन, तेव्हाच चित्र दे. बायका कुरकुरल्या तर सांग, देव पुढे आलाय, बस मागून येईल.

आणि ह्यांना विचार, चेपेच्या घरी पांघरूण पुरतं का. मी विचारलं म्हणून सांगू नकोस.

बस उजवीकडे वळेपर्यंत कुणाचंच न ऐकणारी,
तुझी
हेर्मेलिंदा